यीस्टपासून घरगुती फसफसते पेय : शास्त्र, कृती आणि दक्षता

उन्हाळ्याचे दिवस आले की एस. टी. स्थानकांवर, आठवड्याच्या बाजारात आणि जत्रेच्या मैदानावर शीतपेयांच्या बाटल्यांची आरास दिसू लागते. बाटलीचे टोपण उघडताच होणारा 'फस्स' असा आवाज आणि पेल्यात वर चढणारे असंख्य बुडबुडे यांचे आकर्षण आबालवृद्धांना सारखेच असते. हे बुडबुडे कार्बन डाय-ऑक्साइड या वायूचे असतात आणि कारखान्यात हा वायू यंत्राच्या साहाय्याने, दाबाखाली पेयात मिसळलेला असतो, हे शाळेतील विद्यार्थीही सांगू शकेल. तथापि यंत्राच्या मदतीवाचूनही पेयात असा वायू निर्माण करता येतो. पाव फुगविण्यासाठी वापरले जाणारे चिमूटभर यीस्ट, थोडी साखर आणि घट्ट झाकणाची बाटली एवढ्या सामग्रीवर हे काम घरच्या स्वयंपाकघरातही साधते.

अशा पेयांची कृती अलीकडे पुष्कळांच्या हाती येऊ लागली आहे. ती सोपी आहे. परंतु तिच्यामागील शास्त्र ध्यानात न घेता केलेला प्रयोग बाटली फुटून इजा होण्यास कारणीभूत ठरू शकतो. शिवाय या पेयात अल्प प्रमाणात का होईना, अल्कोहोल तयार होते. या बाबीची माहिती शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि महिला बचत गटांना मार्गदर्शन करणारे कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने या विषयाची ओळख येथे करून देण्याचा विचार आहे.

आपल्या परिचयाची क्रिया

साखरेचे सूक्ष्मजीवांकडून विघटन होण्याच्या या क्रियेस शास्त्रीय परिभाषेत किण्वन असे म्हणतात. आपण तिला 'आंबणे' असे म्हणतो. ही क्रिया आपल्या घरांना नवी नाही. इडलीचे पीठ रात्रभर ठेवले असता सकाळी भांड्याच्या काठापर्यंत फुगून येते. आंबोळीचे पीठही तसेच. नाचणीच्या पिठाची आंबील आंबट होते तीही सूक्ष्मजीवांमुळेच. गोव्यात पाव आणि सान्ना फुगविण्यासाठी माडाची सूर वापरण्याची प्रथा फार जुनी आहे. सुरेमध्ये नैसर्गिक यीस्ट विपुल असते आणि तेच पिठात वायू निर्माण करून त्यास जाळी पाडते.

नीरा आणि ताडी यांतील फरक तर या क्रियेचा उत्तम वस्तुपाठ होय. झाडापासून मिळणारा ताजा गोड रस ती नीरा. हाच रस उन्हात काही तास राहिला की हवेतील व भांड्यातील यीस्ट त्यातील साखरेवर काम करू लागते, रस फेसाळतो आणि त्याची ताडी होते. म्हणूनच नीरा सूर्योदयापूर्वी उतरवून थंड ठेवावी लागते आणि रस गोळा करावयाच्या मडक्यास आतून चुना लावण्याची पद्धत आहे. उष्णता व वेळ यांवर ताबा ठेवला तर पेय गोड राहते. ताबा सुटला तर तेच मादक होते. घरगुती फसफसत्या पेयाचे सारे मर्म या एका उदाहरणात सामावलेले आहे.

थोडा इतिहास

पेयातील या वायूची कहाणी मोठी मनोरंजक आहे. इंग्लंडमधील लीड्स या गावी जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक १७६७ साली एका मद्यनिर्मितीगृहाच्या शेजारी राहावयास गेले. आंबणाऱ्या द्रवाच्या मोठ्या पिंपांवर एका जड वायूचा थर तरंगत असतो व त्यात पेटती काडी विझते, असे त्यांना दिसून आले. त्या थरात पाण्याची ढवळाढवळ केली असता वायू पाण्यात विरघळून त्यास चटकदार चव येते, हेही त्यांच्या ध्यानात आले. पाण्यात हा वायू मिसळण्याची रीत सांगणारी त्यांची पुस्तिका १७७२ साली प्रसिद्ध झाली. अशा पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही हा रोग टळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती मात्र फोल ठरली, कारण त्या रोगावर आवश्यक असते ते क जीवनसत्त्व. जिनिव्हा येथील जेकब श्वेप यांनी १७८३ च्या सुमारास वायुमिश्रित पाण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे हिरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली गळ्यात काचेची गोळी असलेल्या बाटलीचे एकस्व मिळविले. आपल्याकडील गोळी सोड्याची बाटली ती हीच. आतील वायूच्या दाबानेच गोळी तोंडाशी घट्ट बसते, ही त्यातील युक्ती होय.

यंत्राने वायू भरण्याची ही पद्धत रूढ होत असतानाच घरोघरी यीस्टने पेये तयार करण्याची परंपराही चालू होती. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात आले, साखर व पाणी आंबवून केलेले 'जिंजर बिअर' हे पेय लोकप्रिय झाले. ते आंबविण्यासाठी एक पांढरट दाणेदार विरजण वापरीत. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध करून ते यीस्ट आणि जिवाणू यांचे सहजीवन असल्याचे दाखवून दिले. फिनलंडमध्ये लिंबू, साखर आणि यीस्ट यांचे 'सिमा' नावाचे पेय १ मे रोजी होणाऱ्या वसंतोत्सवासाठी घरोघरी केले जाते. त्यात बेदाण्याचे दाणे टाकतात. ते फुगून वर तरंगू लागले की पेय तयार झाले असे समजतात.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी वनस्पतींच्या मुळ्यांचा अर्क घालून करावयाच्या 'रूट बिअर' या पेयाचा प्रचार १८७६ सालच्या तेथील प्रदर्शनात केला. गृहिणीने अर्क विकत आणावा, त्यात पाणी, साखर व यीस्ट मिसळावे आणि बाटल्या भरून ठेवाव्यात, अशी ती योजना होती. दारूऐवजी घेण्याजोगे पेय म्हणून त्याची जाहिरात होत असे. परंतु साखर आणि यीस्ट एकत्र आले म्हणजे अल्कोहोल तयार होणारच, असा आक्षेप घेऊन तेथील महिलांच्या मद्यपानविरोधी संघटनेने १८९५ साली त्यावर बहिष्कार पुकारला. रासायनिक तपासणीत अल्कोहोलचे प्रमाण नगण्य आढळल्यानंतर १८९८ साली हा बहिष्कार उठला. त्या वेळी उपस्थित झालेला प्रश्न आजही तितकाच रास्त आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

बाटलीत काय घडते

यीस्ट ही एकपेशीय कवक आहे. पावासाठी वापरल्या जाणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी असे आहे. सुक्या दाणेदार स्वरूपात ती सुप्तावस्थेत असते. कोमट पाणी आणि साखर मिळताच जागी होते. यीस्टमधील एका एंझाइमामुळे प्रथम साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. नंतर प्राणवायूचा पुरवठा नसताना यीस्ट ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूपासून अल्कोहोलचे दोन रेणू आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे दोन रेणू तयार करते. या क्रियेत जिवंत पेशींचा वाटा असतो हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनाने प्रस्थापित केले. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रसही साखर आंबवू शकतो, असे एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ साली दाखविले आणि त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उघड्या भांड्यात तयार झालेला वायू हवेत निघून जातो. बाटलीचे झाकण घट्ट असल्यास तो जाणार कोठे? प्रथम तो वरच्या मोकळ्या जागेत साठतो, दाब वाढतो आणि वाढत्या दाबाखाली तो पाण्यात विरघळू लागतो. वायूची विद्राव्यता दाबाच्या प्रमाणात वाढते आणि तापमान वाढले असता घटते. साध्या वातावरणीय दाबाखाली एक लिटर पाण्यात शून्य अंश सेल्सिअसला सुमारे १.७ लिटर, २० अंशांना सुमारे ०.९ लिटर आणि ३० अंशांना जेमतेम दोन-तृतीयांश लिटर कार्बन डाय-ऑक्साइड मावतो. म्हणूनच थंड बाटली शांतपणे उघडते आणि तीच बाटली उन्हात ठेवून उघडली तर निम्मे पेय फेस होऊन बाहेर पडते.

साहित्य व कृती

आल्याचे पेय हे या प्रकारातील सर्वांत सुलभ पेय असल्याने त्याचीच कृती येथे देत आहोत. प्रमाण एक लिटरच्या बाटलीसाठी आहे.

साहित्य : उकळून थंड केलेले पिण्याचे पाणी बाटली भरेल एवढे, साखर ६० ते ८० ग्रॅम, किसलेले ताजे आले २५ ते ३० ग्रॅम, एका लिंबाचा रस, मिठाची चिमूट, सुके दाणेदार यीस्ट चहाच्या चमच्याचा आठवा भाग, म्हणजे पाव चमच्याच्या निम्मे. बेकरीस माल पुरविणाऱ्या दुकानांत असे यीस्ट मिळते.

१. बाटली साबणाने व ऊन पाण्याने स्वच्छ धुऊन उकळलेल्या पाण्याने विसळून घ्यावी. सोडा किंवा तत्सम वायुमिश्रित पेय ज्यात विकले जाते, अशीच जाड प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. साध्या पाण्याची पातळ बाटली या कामी चालत नाही. औषधे, रॉकेल किंवा कीटकनाशके ज्यात होती अशी बाटली कितीही धुतली तरी वापरू नये.

२. आले पावशेर पाण्यात पाच-सात मिनिटे उकळावे, त्यातच साखर विरघळवावी आणि गाळून घ्यावे. लिंबाच्या रसाची आम्लता लक्षात घेता पुढील मिश्रण कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. स्टीलचे किंवा काचेचे भांडे घ्यावे.

३. हा अर्क पूर्ण निवल्यावर त्यात लिंबाचा रस, मीठ आणि उरलेले पाणी घालावे. मिश्रण हाताला जेमतेम कोमट लागावे. कढत पाण्यात यीस्ट मरते आणि मग कितीही वाट पाहिली तरी बुडबुडे येत नाहीत.

४. यीस्ट थोड्या कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवून मिश्रणात ढवळावे. यीस्ट अधिक घातल्याने पेय अधिक चांगले होते, ही समजूत चुकीची आहे. त्यामुळे पेयास पिठूळ वास येतो आणि वायूचा वेग आवरत नाही.

५. मिश्रण बाटलीत भरावे. वर तीन बोटे जागा मोकळी ठेवावी आणि झाकण घट्ट लावावे. बाटलीवर दिवस व वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

६. बाटली सावलीत, मुलांच्या हाताबाहेर, बादलीत उभी करून ठेवावी. दर तीन-चार तासांनी ती अंगठ्याने दाबून पाहावी. प्रथम ती सहज दबते. न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीप्रमाणे ती कडक लागली, की पेय तयार झाले असे समजावे.

७. कडक होताच बाटली शीतकपाटात ठेवावी आणि किमान एक रात्र थंड होऊ द्यावी. यीस्ट तळाशी बसते. पिण्याच्या वेळी झाकण अगदी हळूहळू, थोडे सैल करून पुन्हा आवळत, असे उघडावे. वरचे पेय ओतून घ्यावे. तळाचा गाळ टाकून द्यावा.

थंड हवामानाच्या देशांतील पुस्तकांत या क्रियेस एक ते दोन दिवस लागतात असे दिलेले असते. ते प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नये. यीस्टला २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात हेच काम निम्म्याहूनही कमी वेळात होऊ शकते. महाबळेश्वरच्या थंडीत दोन दिवसही अपुरे पडतील. म्हणून घड्याळावर विसंबून न राहता बाटली दाबून पाहण्याची पद्धतच विश्वसनीय होय.

बाटली का फुटते

या कृतीतील खरा धोका थोड्या अंकगणिताने स्पष्ट होतो. एक ग्रॅम साखर पूर्णपणे आंबली असता अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. एक लिटर वायूचे वजन सुमारे दोन ग्रॅम. पेयास माफक चटका येण्यासाठी प्रतिलिटर दोन लिटर, म्हणजे चार ग्रॅम वायू पुरेसा आहे. त्यासाठी साधारण आठ ग्रॅम साखर खर्च होते. बाटलीत मात्र आपण ६० ते ८० ग्रॅम साखर घातलेली असते. ती सर्व आंबली तर १५ ते २० लिटरांहून अधिक वायू तयार होईल. एक लिटरच्या बाटलीत एवढा वायू कोंडणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी करावी.

यीस्टला 'आता पुरे' असे कळत नाही. साखर शिल्लक आहे आणि तापमान अनुकूल आहे तोपर्यंत ते काम करीतच राहते. पेय गोड राहते याचा अर्थच असा, की बाटलीत स्फोटक दाब निर्माण करण्याइतकी साखर शिल्लक आहे. थंडी हाच त्यावरील एकमेव घरगुती लगाम आहे, आणि तोही क्रिया मंद करतो. पूर्ण थांबवीत नाही. वीजपुरवठा बराच काळ खंडित झाला तर शीतकपाटातील बाटलीतही दाब पुन्हा वाढू लागतो.

दोन लिटर वायू विरघळलेल्या पेयाच्या बाटलीत ५ अंश सेल्सिअसला दाब वातावरणाच्या सुमारे दीडपट असतो. ३० अंशांना तोच तिप्पट होतो. यावरून पुढील पथ्ये ओघानेच येतात :

काचेची बाटली या कामासाठी मुळीच वापरू नये. प्लॅस्टिकची बाटली कडक झाल्याचे हाताला कळते व ती फाटली तरी तुकडे उडत नाहीत. काच मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते आणि तिचे तुकडे डोळ्यांना कायमची इजा करू शकतात. गोळी सोड्याची बाटली जाड असली तरी तिलाही हाच नियम लागू आहे. तयार बाटली उन्हात, मोटारीत किंवा चुलीजवळ ठेवू नये. ती प्रवासात नेऊ नये. पेय तीन-चार दिवसांत संपवावे. बाटली विसरली गेली आणि तिचा तळ फुगून आलेला दिसला, तर ती हलवू वा उघडू नये. जाड गोणपाटात गुंडाळून थंड पाण्यात वा बर्फात ठेवावी आणि पूर्ण थंड झाल्यावर तोंड दुसरीकडे करून हळूहळू उघडावी.

अल्कोहोलचा प्रश्न

वायू आणि अल्कोहोल हे या क्रियेत जुळ्या भावंडांप्रमाणे एकत्र जन्मास येतात. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणण्याची सोय नाही. वरील हिशेबात चार ग्रॅम वायूसाठी आठ ग्रॅम साखर खर्च झाली. तिच्यापासून सुमारे चार ग्रॅम अल्कोहोलही निर्माण झाले. आकारमानाने हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. चटका अधिक तीव्र हवा म्हणून वायू तीन लिटर होऊ दिला, तर अल्कोहोल पाऊण टक्क्याच्या वर जाते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्यार्कयुक्त पेय ठरते. घरगुती पेय या सीमारेषेवर उभे असते आणि बाटली एखादा दिवस अधिक उबेत राहिली तर ती रेषा सहज ओलांडते, हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे.

राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातील मद्याची व्याख्या व्यापक असून अल्कोहोल असलेल्या द्रवांचा तीत समावेश होतो. यास्तव असे पेय विक्रीसाठी तयार करण्याचा विचार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी केल्याशिवाय कोणीही करू नये. वर्धा व गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत तर ही कृती टाळणेच श्रेयस्कर ठरेल.

लहान मुले, गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि धार्मिक वा वैयक्तिक कारणाने अल्कोहोल वर्ज्य मानणाऱ्या व्यक्ती यांना हे पेय देऊ नये. दारूचे व्यसन सोडविण्यासाठी डायसल्फिरामसारखे औषध घेणाऱ्या व्यक्तीस अल्प अल्कोहोलनेही त्रास होऊ शकतो. पाहुण्यांपुढे पेला ठेवताना पेय यीस्टने केलेले आहे, हे आधी सांगणे हे यजमानाचे कर्तव्य आहे.

ज्यांना केवळ बुडबुडे हवे आहेत, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग उपलब्ध आहे. लिंबाच्या सरबतात ऐन वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घातला, की आम्ल व सोडा यांच्या संयोगाने तोच कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. यात अल्कोहोल नसते, बाटली नसते आणि स्फोटाचे भयही नसते. मात्र त्यातील सोडियम लक्षात घेता रक्तदाबाच्या रुग्णांनी ते जपून घ्यावे.

आरोग्याच्या दृष्टीने

घरी केलेले म्हणून ते पौष्टिक, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. यीस्ट साखरेचा लहानसा हिस्साच खर्च करते. उर्वरित साखर पेयात तशीच असते. ८० ग्रॅम साखर घातलेल्या पेयाच्या २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात १४ ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. अन्नात वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावे आणि शक्य तर ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे प्रौढांसाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत आणावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेली आहे. तेव्हा हे पेय सणासुदीचे, कधीमधी घेण्याचे आहे. अतिसारात किंवा उष्माघातात जलसंजीवनीऐवजी ते देणे सर्वस्वी गैर होय. पेयावर बुरशी आली, तार सुटली किंवा उग्र दुर्गंधी आली, तर चव न पाहता ते फेकून द्यावे.

शाळेतील प्रयोग

विज्ञान शिक्षकांना या विषयातून एक उत्तम प्रात्यक्षिक मिळते आणि त्यासाठी पेय पिण्याची वा बाटली बंद करण्याची मुळीच गरज नाही. चार लहान बाटल्या घ्याव्यात. पहिलीत कोमट पाणी, साखर व यीस्ट. दुसरीत कोमट पाणी व यीस्ट, साखर नाही. तिसरीत बर्फाचे पाणी, साखर व यीस्ट. चौथीत कोमट पाणी व साखर, यीस्ट नाही. प्रत्येकीच्या तोंडावर एक फुगा बसवावा. तासाभरात पहिल्या बाटलीवरील फुगा उभा राहतो. इतर तीन बहुधा मलूलच राहतात. तिसरी बाटली नंतर कोमट पाण्यात ठेवली असता तिच्यावरील फुगाही हळूहळू फुगू लागतो. थंडीने यीस्ट मेले नव्हते, केवळ निद्रिस्त होते, हे विद्यार्थ्यांना त्यावरून प्रत्यक्ष दिसते.

फुग्यातील वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडल्यास निवळी दुधाळ होते. हा कार्बन डाय-ऑक्साइड असल्याचा पुरावा. फुग्याच्या परिघाची दर दहा मिनिटांनी नोंद घेऊन आलेख काढण्यास सांगावे. म्हणजे विज्ञानाबरोबर गणिताचाही धडा होतो. प्रयोग संपल्यावर बाटल्यांतील द्रव मोरीत ओतून द्यावा. हाच धागा पकडून नीरेची ताडी कशी होते आणि व्यसनाचे दुष्परिणाम कोणते, याची चर्चा वरच्या वर्गांत करता येईल.

ग्रामपंचायती आणि बचत गट

उन्हाळ्यात शीतपेयांची मागणी पाहून एखाद्या महिला बचत गटाच्या मनात अशा पेयाच्या विक्रीची कल्पना येणे स्वाभाविक आहे. त्या उत्साहास योग्य दिशा देण्याचे काम सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी करावयाचे आहे. यीस्ट जिवंत असलेली बाटली दुकानाच्या फळीवर वा उन्हातल्या हातगाडीवर सुरक्षित राहत नाही. कारखान्यात उष्णतेने किंवा सूक्ष्म गाळणीने यीस्ट नष्ट करण्याची व अल्कोहोल मोजण्याची सोय असते. घरात ती नसते. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये लहानशा खाद्यव्यावसायिकासही नोंदणी करणे बंधनकारक आहे, ही गोष्टही विसरता येत नाही. त्यापेक्षा कोकम, आवळा, कैरी, लिंबू यांची सरबते व पाक हा गटांच्या दृष्टीने अधिक भरवशाचा मार्ग आहे. त्यांना बाजार आहे, ती टिकतात आणि त्यांपासून कोणास इजा होण्याचा संभव नाही.

जत्रेच्या काळात घरगुती फसफसती पेये काचेच्या बाटल्यांतून विकली जात असल्याचे आढळल्यास ग्रामपंचायतीने विक्रेत्यास त्यातील धोका समजावून द्यावा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयास कळवावे. बाटली फुटल्यानंतर पंचनामा करण्यापेक्षा आधी दोन शब्द सांगणे केव्हाही चांगले.

यीस्ट हा मानवाचा फार जुना सोबती आहे. त्याने आपणास पाव दिला आणि जीवरसायनशास्त्राचे दारही उघडून दिले. त्याच्याकडून एखादा पेला चटकदार आल्याचे पेय करून घेण्यास हरकत नाही. मात्र बाटली प्लॅस्टिकची असावी, हात वरचेवर तिच्यावर असावा, कडक होताच ती थंडीत जावी आणि पेला कोणाच्या हाती द्यावयाचा याचा विचार आधी व्हावा. एवढी दक्षता घेतली तर स्वयंपाकघरातील हा लहानसा प्रयोग घरच्या मंडळींना आनंद आणि ज्ञान दोन्ही देऊन जाईल.